येमेनला निघालेली राहुटी

त्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला होता. आमच्या कोक-झार गावचा वारा माणसाच्या डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या गावाला नेऊन देतो. वरच्या कड्यावर रात्रीत बर्फाची किनार पडली होती, ओढ्याचं पाणी कडेकडेनं गोठलं होतं, आणि तरी सोनुनबुबूनं सकाळीच माझं दार बडवलं.

"बुरुल, ऊठ. लोकर झोडायचीय."

"एजे, वारा बघ की. सगळी लोकर उडून कोचकोरच्या बाजारात जाईल."

"जाऊ दे. तिथं तरी भाव मिळंल तिला."

ती काही माझी सख्खी बहीण नव्हे. भिंतीला भिंत लागून घरं, आणि ती वयानं थोरली, म्हणून मी तिला एजे म्हणायची. तिच्या अंगणात भिंतीच्या आडोशाला आम्ही गाईचं कातडं अंथरलं, त्यावर शरदाच्या कातरणीची लोकर टाकली आणि दोन्ही हातांत वाळुंजाच्या छड्या घेऊन बसलो. लोकर दाबून दाबून जो जाड नमदा करतात, त्याला हीच लागते, आखूड आणि मऊ. झोडली की तिच्यातली माती, काटे, लेंड्या सगळं खाली गळतं. आणि बायकांच्या पोटातलंही गळतं. सोनुन कुणाच्या नावानं छडी मारतेय हे मला आवाजावरून कळायचं. नवऱ्याच्या नावाची छडी सावकाश पडायची, सुनांच्या नावाची भरभर. आणि धाकट्या जावेच्या नावाची पडली की कातड्याखालची जमीन वाजायची.

त्या सकाळी जमीन वाजत होती.

"काल बघितलंस का तिला राहुटी बांधताना?" ती म्हणाली. "दोर उलटा. हिवाळ्यासाठी घडी घालायची तर नमदा आधी उन्हात टाकावा का न्हाई? तसाच गुंडाळला. ओला! त्याला बुरशी आली म्हंजे बसेल ऊर बडवत."

"तिची राहुटी, ती बघंल."

छडी थांबली. सोनुननं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपली मान खाली घालून काटे वेचायला लागले.

कारण कागदोपत्री नाही, पण सगळ्या गावाच्या तोंडी ती राहुटी धाकट्या जावेची, झिपारची होती. आणि तिचा एकूण एक नमदा सोनुनच्या हातचा होता.

सोनुन लग्न होऊन आली ती एकोणिसाव्या वर्षी. सासू साकीश कडक बाई. आल्या आल्या तिनं सुनेचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, जुनी राहुटी गळायला लागलीय, नवी करू. सासऱ्यानं लाकडाचा सांगाडा केला, वरचं धुराड्याचं चक्र वाकवलं. बाकी सगळं त्या पोरीच्या अंगावर पडलं. तीन शरद ती लोकर झोडत, उकळतं पाणी ओतत, चटईत गुंडाळून लाथांनी लोटत, आणि मग गुडघ्यांवर बसून कोपरापासून मनगटापर्यंतचे हात दाबत नमदे करत राहिली. हातांची सालं गेली. थोरला मुलगा पोटात होता तेव्हाही ती दाबतच होती. राहुटी उभी राहिली तेव्हा लांबून मेंढरं वळवणाऱ्या माणसांना वाटलं, ओढ्याकाठी बर्फ राहिलंय.

मग साकीश मेली. आमच्याकडे मेलेल्या माणसाला घरात ठेवत नाहीत. अंगणात राहुटी उभारतात, बाईला उजव्या अंगाला पडद्याआड निजवतात आणि बायका भोवती बसून गाणं म्हणत रडतात. साकीशला तिथंच ठेवलं. सोनुन तिच्या पायाशी बसून रडत होती आणि रडता रडता वर चक्राकडे बघत होती. तिनं मला हे एकदाच सांगितलं, चुलीपाशी, फार हळू आवाजात: "बुरुल, मला तवा वाटलं, मलाबी हितंच निजवतील. माझ्याच नमद्याखाली. मरायची भीतीच गेली बग."

पण सासू गेल्यावर घर, चूल आणि राहुटी धाकट्या मुलाकडे गेली. रीतच आहे ती. आई-बापाची चूल धाकट्याची; थोरल्यानं वेगळं व्हायचं. यावर कुणी भांडत नाही. बर्फ पडलं म्हणून कुणी भांडतं का? त्याच वसंतात धाकट्यानं लग्न केलं, आणि लोकरीला हात न लावता झिपार त्या राहुटीची मालकीण झाली.

झिपार वाईट नव्हती. गोरी, हसरी, गोड गळ्याची. तिला मूल झालं नाही. नवरा बांधकामावर रशियात असायचा. सोनुनला चार मुलं, सात नातवंडं. झिपार ती नातवंडं कडेवर घ्यायची तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नसे. म्हणजे जाळ दोन्ही घरांत होता. एकीचा धूर बाहेर यायचा, एकीचा आत कोंडायचा.

आणि खोटं कशाला बोलू, मला दोघींचाही हेवा वाटायचा. माझ्याकडे ना सोनुनचे हात, ना झिपारचा गळा.

त्याच दुपारी खासदार दायरबेक आला. निवडणूक जवळ होती. गावाच्या वेशीपर्यंत काळ्या मोटारीतून, आणि तिथून पुढे आमच्याच शेजाऱ्याच्या घोड्यावर, डोक्याला पांढरी उंच टोपी. घोडा बिचकला तशी टोपी वाऱ्यानं उडाली. दोन पोलीस तिच्यामागे बटाट्याच्या वाफ्यातून पळाले. गाव हसलं, आणि तोही हसला. त्याची हीच हातोटी. तो स्वतःवर हसायचा आणि लोक त्याचे होऊन जायचे.

त्या दिवसांत घरोघरी येमेनच चाललं होतं. कुठल्या कुठं लांबची लढाई. आमच्या गावातलं कुणी तिकडे गेलेलं नाही, तिकडचं कुणी इकडे आलेलं नाही. पण फोनवर ढिगाऱ्याखालची पोरं दिसायची आणि हातातला चहा गार व्हायचा. शुक्रवारच्या नमाजानंतर लोक पैसे गोळा करत होते. सरकार मात्र गप्प होतं. परराष्ट्र खात्यातल्या साहेबांचं म्हणणं, आपण लहान देश, कुणाची बाजू घ्यायची नाही, गुपचूप औषधं पाठवायची. गुपचूप दिलेल्या औषधावर टाळी कशी पडणार? दायरबेकनं ते ओळखलं होतं.

शाळेपुढच्या मैदानात तो मागून आलेल्या मोटारीच्या टपावर चढला.

"मायबापहो, साहेब लोक म्हणतात, गप्प बसा. मी विचारतो, आपण कधी गप्प बसलो? शेजाऱ्याचं घर जळलं तर कोक-झारचा माणूस काय म्हणतो?"

"सावडीला चला!" लोक ओरडले.

"मोठे देश तिकडे बॉम्ब पाठवतात. आपण घर पाठवू! पांढऱ्या राहुट्या पाठवू, हजार राहुट्या! आणि तिथली जखमी पोरं विमानानं आणू, आपल्या सरोवराकाठच्या दवाखान्यात बरी करू, आणि मग ज्याच्या घरात जागा आहे तो त्यांना वर्षभर सांभाळेल. बोला, पहिली राहुटी कुणाची?"

आमचा म्हातारा मेंढपाळ तेमिर पुढेच बसला होता. "साहेब," तो म्हणाला, "तिकडं लई ऊन असतंय म्हणं. लोकरीच्या घरात भाजून न्हाई का निघायची ती?"

"बाबा, ज्या घरात तुमची आजी उन्हाळाभर घोडीचं दूध ढवळत होती, ते घर उन्हाला घाबरतं?"

मैदान हसलं. तेमिरही हसला, पण माझ्या कानात पुटपुटला, "आजी डोंगरात व्हती माझी. वाळवंटात न्हाई."

आणि तेवढ्यात झिपार उभी राहिली. ओढणी वाऱ्यानं फडफडत होती. म्हणाली, "माझी घ्या."

एवढंच. पुढे जरा चाचरत म्हणाली, "आणि पोरांच्या यादीत माझं नाव लिवा. माझ्या घरात जागा हाय."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शाळेच्या छपरावरचे कावळे उडाले. दायरबेक टपावरून खाली उतरला, त्यानं झिपारचे दोन्ही हात कपाळाला लावले. कॅमेरे होते, पोरींचे फोन होते. मी सोनुनकडे पाहिलं. तिचा चेहरा पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता.

"येमेनला," ती म्हणाली. "माझी राहुटी येमेनला."

"एजे, पुण्याचं काम हाय."

"पुण्य तिला. हात माझे."

तरी बाई गप्प राहिली असती. गप्प राहायची तिला सवय होती. तिचा नवरा एसेन्कुल म्हणजे दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस. त्या घरात राहून तिनं गिळायला चांगलं शिकून घेतलं होतं. घोळ झाला तो जेवणात.

सरपंचाच्या घरी खासदारासाठी मेंढा कापला होता. आमच्या ताटात मांस पडतं ते मानाप्रमाणे. कुठलं हाड कुणाला हे ठरलेलं असतं, आणि ते चुकवणारा वाढपी पुन्हा वाढायला उभा राहत नाही. डोकं पाहुण्याला. मांडीचं हाड वडीलधाऱ्या पुरुषाला. आणि शेपटीकडचा चरबीचा वाटा पंगतीतल्या थोरल्या बाईला. त्या पंगतीत आमच्या आळीतली थोरली बाई सोनुन होती. तिनं हात धुऊन, पुसून, ओच्यात ठेवले होते. वाढपी ताट घेऊन तिच्याकडे वळलाही होता.

दायरबेकनं त्याच्या हातातलं ताट घेतलं. राजधानीत वाढलेला माणूस. त्याला वाटलं असणार, आपण फार मोठं करतोय. उठून, सगळ्यांसमोर, त्यानं तो वाटा झिपारपुढे ठेवला.

"आज या पंगतीत हिच्यापेक्षा मोठी कोण आहे?"

झिपारचा चेहरा लालबुंद झाला. ती ताट सरकवायला लागली, "न्हाई, न्हाई, जाऊबाईंचं हाय ते," पण दायरबेकनं तिचा हात हसत हसत धरून ठेवला. वाढप्याला काय करावं कळेना. त्यानं घाईत सोनुनपुढे जे हाताला लागलं ते ठेवलं. पुढच्या पायाचं हाड. ते आम्ही नव्या सुनांना देतो.

सोनुननं त्या हाडाकडे पाहिलं. मग ते उचललं आणि शांतपणे, अगदी स्वच्छ होईपर्यंत खाल्लं. तेव्हाच मला समजलं, आता काहीतरी होणार.

अंगणात हात धुताना माझ्या सुनेनं फोन काढला. मॉस्कोतल्या बहिणीला गावचा थाट दाखवायचा होता तिला. "सोनुन एजे, बोला की दोन शब्द. कसं वाटलं?"

सोनुननं हात ओढणीला पुसले आणि फोनकडे सरळ पाहिलं.

"बरं वाटलं. लई बरं वाटलं. वरच्या आळीत गेल्या उन्हाळ्यात दरड आली, सात घरं चिखलात गेली. ती माणसं अजून शाळेच्या खोलीत झोपतात. पोरं खोकतात. त्यांच्या दारात घोड्यावर बसून कुणी आलं न्हाई. त्यांचं ढिगारं फोनवर दिसत न्हाईत ना! आमची माणसं ओल्या जमिनीवर, आणि आमची राहुटी समुद्रापल्याड. खासदार म्हणतो शेजाऱ्याचं घर. आरं बाबा, येमेन कुणाच्या शेजारी हाय? कोक-झारच्या शेजारी तर वरची आळीच हाय! आधी घरची चूल बघ. बायका राबून हात सोलून घेतात, आणि ज्यांनी कधी छडी धरली न्हाई ते दानशूर व्हत्यात."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते मला माहीत होतं. ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, खासदारासाठी.

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. वरच्या आळीची माणसं खरोखर शाळेत झोपत होती. फक्त त्या दिवसापर्यंत सोनुननं त्यांचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

माझ्या सुनेनं ते बहिणीला धाडलं. बहिणीनं मॉस्कोच्या खोल्यांमधून राहणाऱ्या आपल्याकडच्या कामकरी पोरांना धाडलं. तिथून ते ओश, तलास, सरोवराचा काठ असं फिरत राजधानीत, बिश्केकला पोचलं. टॅक्सीवाले ते ऐकवत होते, बाजारात दुकानांवर चाललं होतं. 'आधी घरची चूल' असं लोक भिंतीवर लिहायला लागले.

इकडे राहुटी ट्रकवर चढून राजधानीच्या चौकात उभी राहिली होती, दारावर फलक, 'येमेनच्या लेकरांना'. आणि आठवडा उलटायच्या आत दायरबेक टीव्हीवर आला. त्याच राहुटीच्या दारात. फलक बदललेला. 'आधी आपली माणसं'.

"मी जनतेचा मुलगा आहे," तो म्हणाला. "कोक-झारच्या एका आईनं माझा कान धरला. ती म्हणाली, येमेन कुणाच्या शेजारी आहे? मी तिच्यापुढे मान झुकवतो. साहेब लोकांनी आपल्याला या लांबच्या लढाईत ओढलं!"

आम्ही सगळे माझ्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. तेमिरच्या हातातली बशी तशीच राहिली. "आरं, साहेब लोक तर नगं म्हणत व्हते! ओढलं हेनंच की."

"बाबा, ते गेल्या आठवड्यातलं," माझी सून म्हणाली.

मग सगळं भराभर झालं. पोरांचं विमान रद्द. औषधं जात होती तीही थांबली, कारण आता कुठलाही साहेब कागदावर येमेन हा शब्द लिहायला धजेना. तिकडच्या लढाईवर जगाच्या सभेत हात वर करायचा होता, आमच्या माणसानं तो वर केलाच नाही म्हणे. बातम्यांत शहाणी माणसं बसून सांगत होती, हे धोरण का बदललं: कुणी म्हणे रशियाचा दाब, कुणी म्हणे तुर्कांचा, कुणी तेलाचं नाव घेई. मी आणि वाढपी तेवढे जाणून होतो की ते मेंढ्याच्या शेपटीमुळे बदललं.

सोनुनला आता ओढ्यावर बायका जागा करून द्यायच्या. जिल्ह्याच्या गावाहून पत्रकार यायचे. ती नवी ओढणी बांधून बसायची. आणि मी सांगते, त्या दिवसांत तिला आनंद झाला होता, खराखुरा, वाईट आनंद. झिपारच्या दारावरून जाताना ती चाल हळू करायची.

"कशी हायस गं?" विचारायची.

"बरी हाय, जाऊबाई," झिपार म्हणायची.

तिच्या अंगणात दोरीवर दोन लहान गाद्या वाळत असायच्या. नव्या, लाल कापडाच्या, आत तिनं स्वतः पिंजलेली लोकर. यादीत नाव लागलं त्या दिवसापासून ती त्या रोज उन्हात घालायची, संध्याकाळी आत न्यायची. विमान रद्द झाल्याची बातमी आली त्यानंतरही काही दिवस घालत होती. मग एका सकाळी दोरी रिकामी दिसली. सोनुन माझ्याबरोबर होती. ती त्या दोरीकडे बघत राहिली, चाल हळू न करता उभीच राहिली, आणि त्या दिवशी तिनं झिपारला काही विचारलं नाही.

राहुटी मात्र परत येईना. सोनुनला वाटलं होतं, येमेनला जात नाही म्हणजे घरी येणार. तिनं माझ्या सुनेकडून खासदाराच्या कचेरीत फोन लावून घेतला.

"आई, ती राहुटी आता जनतेची झालीय," तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. "साहेब तिच्यात लोकांना भेटतात."

"मी जनता न्हवं का? टीव्हीवर तर म्हणला."

"तुम्ही तर जनतेची आई!"

"मग आईची राहुटी दे की लेका."

तिकडून हसू आलं आणि फोन बंद झाला. वरच्या आळीच्या माणसांना तरी ती मिळाली का? त्यांनाही नाही. ती माणसं हिवाळाभर शाळेतच झोपली. दायरबेक दणदणीत मतांनी निवडून आला आणि 'घरची चूल' हे शब्द भिंतींवरून पावसानं पुसले तेव्हा कुणी पुन्हा लिहिले नाहीत.

बर्फ वितळायला लागल्यावर एक दिवस राजधानीहून राहुटी घेऊन ट्रक आला. ड्रायव्हरनं झिपारच्या दारात मागची फळी पाडली आणि सगळं खाली लोटलं. नमदे ओलेच गुंडाळलेले, हिवाळाभर कुठल्या तळघरात पडलेले. धुराड्याच्या चक्राची एक काडी मोडलेली. वास असा की कुत्रं लांबून भुंकत होतं.

आवाज ऐकून सोनुन आणि मी धावलो. सोनुन दारात थबकली. किती वर्षं ती त्या अंगणात नुसत्या चुका काढायला गेली होती, आता तिला पाऊल टाकता येईना. झिपार एकटी एका गुंडाळीशी झटत होती.

"ओढू नगंस," सोनुन म्हणाली. "फाटंल. उलगड."

"मग या की आत. दारातनं काय सांगताय?"

तिघींनी मिळून एकेक नमदा उन्हात पसरला. भिंतींचे नमदे डागाळले होते, पण वाचले होते. छताचा एक मात्र मधोमध काळा पडून कुजला होता. सोनुननं बोट लावलं तर बोट आरपार गेलं. ती तशीच बसली, बोट त्या भोकात.

झिपार समोर उकिडवी बसली. "जाऊबाई, एक इचारू? तुमाला राहुटी हवी व्हती तर मला मागायची. त्या फोनला कशाला सांगितलं?"

सोनुन भोकाची कड बोटानं चाचपत राहिली.

"मी दिली असती. तुमचं हात हाईत तिच्यात, मला काय म्हाईत न्हाई? सासूबाई मरायच्या आधी मला सोयरीक करायला आल्या व्हत्या, तवा तुमच्याच हाताचं सांगत बसल्या व्हत्या. माझ्याबद्दल एक शब्द न्हाई इचारला. सगळं सोनुन, सोनुन. मी ह्या घरात आले ती तुमच्यावर जळतच आले."

हे सोनुनला नवं होतं. मलाही. साकीश सुनेसमोर तिचं कधी कौतुक करत नसे.

"मागून कसं घ्यायचं?" सोनुन शेवटी म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "रीत हाय. आणि मागू तरी काय म्हणून? मला तिच्यात राहायचं न्हाई गं. मला तिच्यात मरायचं... मेल्यावर निजायचंय. सासूला निजवलं तिथं. तेवढंच."

वारा पडला होता.

"तुमचं बरं हाय," झिपार म्हणाली. "तुमाला रडायला चार पोरं, सुना, नातवंडं. गाणं म्हणत रडतील. मला कोण हाय? रिकामी राहुटी घेऊन मी काय करू? म्हणून म्हटलं, जाऊ दे तिकडं. एक पोर येईल. बोलायचं न्हाई कळणार त्याला माझं, पण जेवंल तरी माझ्या हातचं."

सोनुननं भोकातून बोट काढलं, आणि ओढणीनं पुसत बसली, फार वेळ. माफ कर असं ती म्हणाली नाही. तिच्या तोंडात तो शब्दच नव्हता.

"मी रडीन की तुला," ती म्हणाली.

"तुम्ही? तुमी थोरल्या. आधी तुमी जाणार."

"कशावरनं? तू कवापासनं खोकतीयास."

"धुरानं खोकतीय. गुडघं तुमचं गेल्यात, माझं न्हाईत."

"बरं, मग जी आधी मरंल तिची राहुटी."

"मग मीच आधी," झिपार म्हणाली.

"का? हितंबी तूच पुढं? त्या ताटासारखं?"

"ते ताट मी सरकवत व्हते! त्या मुडद्यानं हात धरला माझा! बुरुल एजेला इचारा!"

"मला नगा ओढू," मी म्हणाले. "मला तर ना ताट, ना राहुटी. मी मेले तर मला तुमी दोघी कुठं निजवणार ते सांगा आधी."

झिपार फिसकन हसली. सोनुन हसली नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं तो कुजलेला नमदा उचलून उन्हाकडे धरला, भोकातून डोंगर पाहिला.

"छताचा नवा करावा लागंल," ती म्हणाली. "शरदाची अर्धी लोकर उरलीय माझ्याकडं. पुरंल का न्हाई बघावं लागंल."

"माझ्याकडं हाय थोडी," झिपार म्हणाली. "पिंजलेली."

ती आत गेली आणि त्या दोन लाल गाद्या घेऊन आली. आमच्यासमोरच तिनं शिवण उसवली. सोनुननं हात पुढे करून दुसरी गादी घेतली आणि दुसऱ्या बाजूनं उसवायला लागली.

मी घरून गाईचं कातडं आणलं. छड्या सोनुनच्या. लोकर टाकली, तिघी भोवती बसलो. झिपारनं पहिली छडी मारली आणि अर्धी लोकर कातड्याबाहेर उडवली.

"अगं, खांद्यानं नगं!" सोनुन ओरडली. "मनगटानं! लाकडं फोडतीयास का? इतकी वर्सं राहुटीची मालकीण, आणि छडी धरता येईना. बुरुल, दाखव हिला. न्हाई, तू नगं, तुझीबी तिरकीच पडती. हिकडं बघ."

आणि ती मारायला लागली. झिपार बघून बघून मारू लागली. थोड्या वेळानं तिची छडी बरी पडायला लागली, जरा जास्तच बरी, सोनुनच्या छडीहून हलकी आणि सारखी. सोनुननं ते तिरक्या डोळ्यानं पाहिलं, ओठ आवळले आणि आपला हात आणखी भरभर चालवला. कातड्याखालची जमीन वाजायला लागली.